जिथं रुमाल पांढरा राहतो

कोळशाचा ढीग आतून पेटला तरी वरून गार दिसतो. पूनमसिंग राठोड लोखंडी सळई ढिगात खुपसायचे, तळहातावर तंबाखू-सुपारीचा एक खर्रा घोटून होईपर्यंत ती तशीच राहू द्यायचे आणि मग बाहेर ओढून तिच्या टोकाला हाताची मागची बाजू लावायचे. यार्डात बिडीला बंदी होती, त्यामुळे वेळेचं माप खर्‍याचं. हात झटक्यात मागे आला की लोडरवाल्याला खूण व्हायची. लोडर ढीग फोडायचा, आतला लाल कोळसा उघडा पडायचा आणि पूनमसिंग त्यावर पाण्याचा पाइप धरायचे. वाफ, धूर आणि धूळ एकत्र वर उठायची. ती निवळेपर्यंत पाइप धरलेला माणूस दिसत नसे.

वणीच्या सरकारी कोळसा खाणीत त्यांनी सगळी नोकरी याच कामावर काढली. खाणीतून निघालेला कोळसा वीज केंद्राकडे जाईपर्यंत यार्डात पडून असतो. हवा लागून तो स्वतःच तापतो आणि पेटतो. उन्हाळ्यात हे जवळजवळ रोजचं. यार्डात पूनमसिंगना सगळे ‘बंबवाला’ म्हणत. त्यांच्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला केस उगवायचे बंद झाले होते.

पूनमसिंग मूळचे दिग्रसजवळच्या पळसतांड्याचे. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. रेल्वे आली, तो धंदा बसला आणि तांडा जागच्या जागी शेतीला लागला. आता तिथं कापूस, सोयाबीन आणि तूर आहे. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, बाहेर वऱ्हाडी. पूनमसिंगना खाणीत नोकरी लागली तेव्हा वणीच्या कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, आणि ते हळूहळू सगळ्या तांड्याचं झालं. आयटीआयला आलेली पोरं बाहेरच्या खोलीत झोपत. दवाखान्यात आलेले म्हातारे तिथंच उतरत. पूनमसिंगच्या पत्नी हंसाबाई सकाळी कणीक भिजवण्यापूर्वी बाहेरच्या खोलीत डोकावून माणसं मोजत.

मुलगी एकच, अंजू. वणीच्या आयटीआयला वेल्डिंगच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. पुढं एका शिक्षकाच्या ओळखीनं ती हैदराबादच्या बाहेर एका खासगी कंपनीत लागली. तांड्यात त्या कंपनीला ‘सूर्याची कंपनी’ म्हणतात, आणि ते फारसं चूक नाही. सूर्यात हलके अणू एकमेकांत मिसळतात आणि त्यातून उष्णता निघते. तेच पृथ्वीवर एका पोलादी भांड्यात घडवायचं आणि त्यावर वीज काढायची, असा कंपनीचा उद्योग. भांड्यातली हवा आधी जवळजवळ पूर्ण काढून टाकावी लागते. मग थोडा वायू आत सोडून तो कोट्यवधी अंशांपर्यंत तापवायचा आणि चुंबकांच्या जोरावर भिंतींपासून दूर धरून ठेवायचा. जगात अशा डझनावारी खासगी कंपन्या आहेत. त्यांतल्या बहुतेक दहा वर्षांच्या आत वीज देण्याची भाषा करतात. सरकारी शास्त्रज्ञ हीच भाषा दोन पिढ्या करत आले. प्रयोगशाळेत क्षणभर गणित जमल्याच्या बातम्या येऊन गेल्या, पण या मार्गानं अजून एकाही घरातला दिवा लागलेला नाही.

अंजूचं काम गळती शोधण्याचं. भांड्याच्या जोडांवर बाहेरून बारीक नळीनं हेलियम वायू सोडायचा आणि आतलं मीटर पाहायचं. काटा हलला की तो जोड कच्चा. मग तो घासून पुन्हा जोडायचा.

चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात खाणीच्या डॉक्टरनं पूनमसिंगच्या छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि मेडिकल बोर्डासमोर जायला सांगितलं. बोर्डानं कामगार कायमचा अपात्र ठरवला तर त्याच्या जागी घरच्या एकाला नोकरी मिळते. निवृत्ती जवळ आली की मात्र ही वाट बंद होते. पूनमसिंगच्या बाबतीत ती दिवाळीला बंद होणार होती. म्हणजे अंजू हैदराबाद सोडून वणीला आली तर तिला सरकारी नोकरी मिळत होती, क्वार्टर राहत होतं आणि तांड्याचं वणीतलं घरही टिकत होतं.

हंसाबाईंच्या मते यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पूनमसिंगचंही तेव्हा तेच मत होतं.

त्या दिवसांत तांड्यात तीज होती. लग्न न झालेल्या मुली छोट्या टोपल्यांत वारुळाची माती आणि खत घालून गहू पेरतात, टोपल्या तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या घरी ठेवतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात आणि गहू वीतभर वाढला की वाजतगाजत नाल्यावर नेऊन पाण्यात शिरवतात. अंजूच्या बरोबरीच्या मुली लेकुरवाळ्या झाल्या होत्या. तिनं रजा काढून त्या वर्षीही टोपली पेरली होती. पूनमसिंगही सुटी घेऊन आले होते. संध्याकाळी नायक धरमसिंग यांच्या ओट्यावर माणसं जमली आणि विषय निघाला.

आधी चेष्टा झाली. पूनमसिंगचा चुलतभाऊ उत्तमसिंग याची जीभ तांड्यात सगळ्यात तिखट. तो म्हणाला, “उन्हायात इथं सूर्याखाली चामडी जयते, अन् हे तिथं अजून एक बनवून राह्यले. मांगतला कोनं?”

माणसं हसली. अंजू टोपल्यांना पाणी घालून बाहेर येत होती. “काका, तुमच्यासाठी नाही बनवून राह्यलो,” ती म्हणाली. “तुमच्या पंख्यासाठी.”

पंख्याच्या विषयावर आणखी हसू झालं, कारण तेव्हा विजेची लाइन गेलेली होती.

मग पूनमसिंगनी मुलीला चार माणसांसमोर सरळ विचारलं, की ही मशीन वीज घेते किती आणि देते किती. अंजूनं सांगितलं की घेते पुष्कळ आणि देत अजून काहीच नाही. आतलं पेटतं, पण डोळ्याचं पातं लवेपर्यंत टिकतं आणि विझतं.

“तीज उगवते छोरी,” पूनमसिंग म्हणाले, “पन तिची भाकर होत नाही.”

हंसाबाई दारात उभ्या होत्या. तिजेच्या गव्हाबद्दल असं बोललेलं त्यांना रुचलं नाही. “भाकरीसाठी कोन पेरते ते?” एवढं म्हणून त्या आत गेल्या.

नायक धरमसिंग सावकाश बोलणारे. त्यांनी पूर्वजांची आठवण काढली. रेल्वे आली आणि बैलवाले बुडाले हे सगळे सांगतात, ते म्हणाले. पण रेल्वे येते येते म्हणून ज्यांनी आधीच बैल विकले, ते रेल्वे यायच्या आत मजूर झाले होते, हे कोणी सांगत नाही. कोळसा कधी संपेल तेव्हा संपेल. आज त्याच्यावर नोकरी आहे. तांड्याची चार पोरं पूनमसिंगच्या खोलीत राहून शिकतात, त्यांचाही विचार झाला पाहिजे. मग त्यांनी पूनमसिंगकडे पाहिलं. तांड्यात अशा वेळी गप्प राहता येत नाही.

“छोरी येईन,” पूनमसिंग म्हणाले. “मी बोर्डात जातो.”

नायकासमोर, पंचांच्या बैठकीत म्हणजे नसाबीत, दिलेला शब्द कागदावर जात नाही. त्याची गरज पडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप विहिरीकडे निघाला तेव्हा अंजू मागोमाग गेली.

“बा, तू मले इचारलं नाही.”

“नोकरीचं काय इचाराचं?”

“एकदा येऊन पाह्य तिथं. मंग जा बोर्डात.”

पूनमसिंग गेले. वणीहून आदिलाबादची बस, तिथून पुढं हैदराबाद. कंपनीच्या फाटकावर मोठा बोर्ड होता आणि त्यावर पाच वर्षांत वीज देण्याचं वचन होतं. बोर्ड पाहून पूनमसिंग किंचित हसले, असं अंजू सांगते. वणीच्या रस्त्यावर तसंच एक फाटक आहे. कुठल्याशा खासगी कंपनीनं वीज केंद्रासाठी जमीन घेतली, भिंत बांधली, फाटक बसवलं आणि ती निघून गेली. फाटकाच्या सावलीत आता शेळ्या बसतात.

आत एक उंच शेड. मध्ये माणसापेक्षा उंच, गोल, चकचकीत भांडं, त्याला नळ्या आणि मांडीएवढ्या जाड केबल. पूनमसिंगना काचेमागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. बुटांवर कापडी पिशव्या चढवायला लावल्या. शेडची प्रमुख अर्पिता नावाची इंजिनिअर होती. ती नागपूरची, त्यामुळे मराठीत बोलता आलं. पूनमसिंगनी आधी केबलकडे बोट दाखवून एवढी वीज येते कुठून ते विचारलं. अर्पितानं सांगितलं की सगळ्यांना येते तिथूनच, आणि ती बरीचशी कोळशाची.

मग यार्डातली सळई आठवून त्यांनी मुलीला विचारलं, “यात सयी कुठून घालता?”

अंजूला हसू आलं. तिनं सांगितलं की आत काहीच घालता येत नाही. जे घालू ते जळून जाईल, आणि आतली आगही विझेल.

“मंग आत किती पेटलं हे कायवरून समजते?”

“उजेडावरून, बा.”

दुपारी मशीन चालवायची होती. तिथं प्रत्येक वेळेला शॉट म्हणतात. खाणीत सुरुंग उडवण्यालाही शॉटच म्हणतात, म्हणून पूनमसिंग सवयीनं खुर्चीवरून उठले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. भोंगा वाजला. काही झालं नाही. पुन्हा तयारी झाली, पुन्हा भोंगा, पुन्हा काही नाही. अर्पिता बाहेर आली. चेहरा उतरलेला होता, आवाज साधा.

“आज नाही लागला, काका.”

संध्याकाळपर्यंत पाच-सहा जण भांड्याभोवती गळती शोधत होते. ती एका जोडात सापडली, आणि तो जोड अंजूचा होता. तिनं स्वतःच तसं सांगितलं. कोणी ओरडलं नाही. जोड घासायला घेतला. निघताना पूनमसिंगनी अर्पिताला फाटकावरच्या बोर्डाबद्दल विचारलं, पाच वर्षांत होईल का म्हणून.

“बोर्ड पैसे देणाऱ्यांसाठी आहे, काका,” ती म्हणाली. “मला माहीत नाही.”

परतीच्या वाटेवर त्यांनी अंजूला सांगितलं, की वणीत मोठ्या माणसांची खूप भाषणं ऐकली, पण आपल्याच मालाला ‘नाही झालं’ म्हणणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं. याचा अर्थ त्यांचा मशीनवर विश्वास बसला असा नव्हता. आगीबरोबर आयुष्य गेलेल्या माणसाला एवढं कळत होतं, की जी आग पेटवायला तिच्यापेक्षा जास्त सरपण लागतं, तिच्यावर कोणाचा स्वयंपाक होत नाही. होईल तेव्हा होईल. आपल्या हयातीत नाही.

परिणाम दुसऱ्याच गोष्टीचा झाला. यार्डातला कोणीही कामगार पांढरा रुमाल बाळगत नाही. पूनमसिंगकडे गडद निळे होते, ते वणीला राहिले. अंजूनं तिथल्या दुकानातून पांढरे आणून दिले. पहिल्या दिवशी खोकताना रुमालावर काळं आलं. दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी निघायच्या आधी त्यांनी नाक शिंकरलं आणि रुमाल उघडून बराच वेळ पाहिला. तो पांढरा होता. मग अंजूचा रुमाल मागितला. तिनं दिला. तो दिवसभर वापरलेला होता आणि तोही पांढरा होता.

मेडिकल बोर्डाच्या दिवशी हंसाबाई डबा घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी थांबल्या. पूनमसिंग आले नाहीत. दुपारी त्या यार्डाच्या बाहेर गेल्या तेव्हा ते आत ड्यूटीवर होते आणि त्यांच्याभोवती वाफेचा गोळा उठलेला होता. सुपरवायझरला त्यांनी सांगितलं होतं की आपल्याला काही झालेलं नाही. दिवाळी गेली. वाट बंद झाली.

हंसाबाई त्या काळाबद्दल आजही कोरडेपणानं बोलतात. नवऱ्यानं नोकरी घालवली, पोरीला परमुलखात ठेवलं आणि हे सगळं बायकोला न विचारता केलं, असं त्यांचं म्हणणं. ते म्हणणं त्यांनी कधी मागे घेतलेलं नाही.

नायकानं नसाब बोलावली. पूनमसिंग उभे राहिले. उत्तमसिंग या वेळी हसत नव्हता. त्याचा मुलगा ओम तेव्हा वणीच्या खोलीत राहून शिकत होता आणि नोकरीबरोबर दोन वर्षांनी ती खोलीही जाणार होती. त्यानं विचारलं, “ते सूर्याची कंपनी चालन का?”

“नाही चालनार,” पूनमसिंग म्हणाले. “माह्या हयातीत तं नाहीच.”

“मंग कायले पोरीची नोकरी मातीत घातली?”

पूनमसिंगनी खिशातून रुमाल काढला. हैदराबादहून आणलेलाच होता. वणीच्या दोन महिन्यांनी त्याचा रंग गेला होता.

“तीन दिवस तिथं राह्यलो. तिसऱ्या दिवशी हा पांढरा राह्यला,” ते म्हणाले. “छोरीले कोयशात नाही घालत मी.”

नायकानं विचारलं, “अन् शब्द?”

“मोडला.”

दंड झाला नाही. मात्र त्यानंतर पूनमसिंगना नसाबीत बोलावणं आलं नाही. लग्नाच्या बैठकीत, वाटणीच्या वादात, कुठंच नाही. तांड्यात गेले की लोक राम राम करत, चहा देत आणि विषय बदलत. त्यांना ते लागलं असावं.

पुढच्या दोन वर्षांत दम वाढत गेला. खाणीनं त्यांना यार्डातून हलवून फाटकावर बसवलं. तिथं कोळशाच्या गाड्यांची ये-जा पाहत ते खुर्चीवर असत. धूळ तिथंही होतीच. निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं. शिकणारी पोरं आपापली सोय पाहून पांगली. ओमनं शिक्षण अर्ध्यावर टाकलं आणि तो दिग्रसला एका कापसाच्या जिनिंगमध्ये लागला. उत्तमसिंगनं पूनमसिंगच्या दारावरून जाणं बंद केलं.

तांड्यात परतताना सामानात ऑक्सिजनचं यंत्र होतं. हवेतला ऑक्सिजन वेगळा करून नळीनं नाकात देणारं, कपाटाच्या खणाएवढं, विजेवर चालणारं. कॉलनीत लाइन क्वचितच जायची. तांड्यात ती गेल्याची कोणी चर्चाही करत नाही. हंसाबाईंनी चूल अंगणाच्या टोकाला नेली, आणि इन्व्हर्टरची बॅटरी आणून पलंगाखाली ठेवली.

त्याच सुमारास सूर्याची कंपनी अडचणीत आली. परदेशातल्या पैसे लावणाऱ्यांनी एक अट घातली होती. आतली आग ठरलेल्या वेळेपर्यंत टिकली तरच पुढचा हप्ता. ती टिकली नाही. अर्पितानं अहवालात खरं तेच लिहिलं, असं अंजू सांगते. हप्ता आला नाही. फाल्गुनात शेडमध्ये मोजकी माणसं ठेवून बाकीच्यांना घरी पाठवलं. त्यात अंजू होती.

ती तांड्यात आली तेव्हा उत्तमसिंग बऱ्याच दिवसांनी दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, “मावयला का सूर्य?”

आतून पूनमसिंगनी नळी बाजूला करून दमादमानं सांगितलं, “बस उत्तम. चहा घे.” उत्तमसिंग बसला नाही.

काम नसलेल्या माणसासारखी ती घरात वावरली नाही. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की यंत्राचा आवाज नीट आहे, पण बापाच्या ओठांचा रंग नीट नाही. तिनं साबणाचा फेस करून नळीच्या प्रत्येक जोडाला लावला. एका ठिकाणी बुडबुडा आला. हेलियम नव्हता, मीटर नव्हतं, पण काम तेच होतं. तिनं तो जोड काढून घट्ट बसवला. पूनमसिंग पलंगावरून पाहत होते.

“हे तुहं तिथलंच काम ना?”

“हो, बा.”

“चांगलं हाये,” ते म्हणाले. मुलीच्या कामाबद्दल त्यांनी काढलेले एवढेच शब्द तिला आठवतात.

वैशाखात तांड्याचा ट्रान्सफॉर्मर जळला. दिग्रसला कळवलं. दुसरा येईल, पण आधीच्या गावांचा नंबर आहे, असं उत्तर मिळालं. पहिली दुपार बॅटरीवर निघाली. ओमनं जिनिंगमधून मागून आणलेल्या दुसऱ्या बॅटरीवर रात्र निघाली. उत्तमसिंगला न सांगता तो ती मोटरसायकलवर बांधून घेऊन आला होता. सकाळी तीही उतरली. यंत्रानं एक लांब शिट्टी दिली आणि ते थांबलं. बाहेर ऊन पेटलेलं होतं. पत्र्याखाली बसवत नव्हतं.

जीप मिळायला वेळ लागला. मागच्या सीटवर हंसाबाईंच्या मांडीवर डोकं आणि अंजूच्या हातात पाय, असे पूनमसिंग दिग्रसच्या रस्त्यानं निघाले. ते शुद्धीत होते. वाटेत एकदा त्यांनी खिशाकडे बोट केलं. अंजूनं रुमाल काढून त्यांचं तोंड पुसलं. त्यांनी तो पाहायला मागितला. तांड्यात काही महिने काढूनही त्यांच्या छातीतून काळं येतच होतं. अंजूनं रुमाल मुठीत दाबून धरला आणि दाखवला नाही. दिग्रसच्या पहिल्या जिनिंगची चिमणी दिसायच्या आधी ते गेले.

वणीचा कोळसा ज्या वीज केंद्रांना जातो ती त्या दिवशीही चालू होती. तांड्याची लाइन तेराव्याच्या सुमारास आली.

नायक धरमसिंग मातीला आले. नसाबीत न बोलावलेल्या माणसाच्या मातीला नायकानं पुढं उभं राहायचं की मागं, यावर तांड्यात कुजबुज होती. ते पुढं उभे राहिले. उत्तमसिंगनं खांदा दिला. त्यानं ओमला बॅटरीबद्दल विचारलं की नाही, हे कोणाला माहीत नाही.

त्यानंतर अंजूनं वणीला एका खासगी ठेकेदाराकडे वेल्डिंगचं काम धरलं. कोळसा वाहणाऱ्या ट्रकांचे फुटलेले हौदे जोडायचे. काम कायम नाही, क्वार्टर नाही, बोर्ड नाही. बापानं तिला ज्या धुळीपासून वाचवायला शब्द मोडला, तीच धूळ आणि तीही सरकारी नोकरीशिवाय. वणीच्या भाड्याच्या खोलीवरून ती तांड्यात आली की तिचे कपडे हंसाबाई धूत. पहिल्या खेपेला रुमाल हातात आला तेव्हा त्या दगडावर बसून राहिल्या. तो निळा होता.

दिवाळीच्या आधी अर्पिताचा फोन आला. दुसऱ्या एका कंपनीनं ती शेड घेतली होती. नवे लोक, नवी मुदत, फाटकावर नवा बोर्ड. जुन्यांपैकी गळती शोधणारी दोन माणसं हवी होती. किती दिवसांसाठी ते सांगता येत नाही, असं अर्पितानं आधीच सांगितलं. अंजूनं आईला विचारलं. खरं तर तिनं नाही म्हणायची तयारी केली होती. तांड्यात आई एकटी आणि शेत बटाईनं दिलेलं.

हंसाबाईंनी विचार करायला वेळ घेतला नाही. “कंपनी चालन का?” त्यांनी विचारलं.

“नाही सांगता येत, याडी.”

“तुह्या बापालेही हेच सांगतलं होतं त्यायनं,” हंसाबाई म्हणाल्या. “जाय.” मग त्यांनी पेटीच्या तळाशी ठेवलेले पूनमसिंगचे निळे रुमाल बाहेर काढले आणि चुलीजवळ भांडी पुसायला टांगले.

आता अंजू आठवड्यातून एकदा फोन करते. सूर्य, चुंबक, हप्ता यातलं हंसाबाई काही विचारत नाहीत. त्यांचे प्रश्न दोन असतात. गेल्या आठवड्यात मात्र अंजूनंच आधी सांगितलं, की शॉट लागला आणि आतली आग आजवर टिकली नव्हती इतकी टिकली. शेडमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्या वेळात माणसाची एक शिंक होते.

तांड्यात दुपारपासून लाइन नव्हती. हंसाबाई अंगणात खाटेवर बसून बोलत होत्या.

“रुमाल?”

“पांढरा हाये.”

“अन् लाइनीचं काही?”

“अजून नाही, याडी.”

हंसाबाईंनी फोन ठेवला. त्याची बॅटरी थोडीच उरली होती आणि ती सकाळपर्यंत पुरवायची होती.